स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत सगळी माणसे बसतात का?

प्रस्ताव : दादरचे एक वकील

१५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि स्वतःचा लिंगभाव, म्हणजे आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. अनेक अर्जांवर आता ‘इतर’ हा रकानाही दिसतो. निसर्गात दोनच साचे आहेत, ही समजूत मात्र जागची हललेली नाही. साचा ठरवायचा कशावरून? गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य अवयव यांची साक्ष बहुतेकांच्या बाबतीत जुळते, म्हणून हा प्रश्न पडत नाही. पण अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांना शरीर अजिबात दाद देत नसेल, तर एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत आढळणारी, गुणसूत्रे आणि पोटात वृषणग्रंथी असलेले मूल मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणूनच वाढते आणि वय उलटले तरी पाळी येत नाही म्हणून आई तिला डॉक्टरांकडे नेते, तेव्हा कुठे हे उघडकीस येते. तिला उद्यापासून पुरुष म्हणायचे का?

मुलुंडच्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका

म्हणू नये, पण त्यासाठी वर्गीकरणच मोडीत काढण्याची गरज नाही. प्रजननपेशी दोनच प्रकारच्या असतात, बीजांड आणि शुक्रपेशी, आणि माणसात तिसरी आढळलेली नाही. आपण सांगता ती अवस्था वाढीतील दुर्मीळ फरक आहे. शिवाय नालसा निकाल लिंगभावाविषयी आहे. त्यातून शरीराविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे दोन प्रश्नांची गल्लत करणे होय. रात्री उशिरा लोकलच्या लेडीज डब्यात चढणाऱ्या बाईला त्या पाटीचा भरवसा वाटतो, तो व्याख्या सैल करून घालवू नये.

वकील

पेशी दोन प्रकारच्या आहेत हे मान्य आहे, परंतु ज्यांच्या शरीरात यांपैकी एकही पेशी तयार होत नाही, त्यांनाही आपण स्त्री किंवा पुरुष म्हणतोच. म्हणजे व्यवहारातला निकष वेगळाच असतो. लेडीज डब्याचेही तसेच. तिथे गुणसूत्रे कोणी विचारत नाही, दिसण्यावरूनच निवाडा होतो आणि टाळी वाजवत फिरणारे तृतीयपंथी त्या डब्यातल्या बायकांना नवे नाहीत. निकष लादल्याची किंमत धावपटू शांती सौंदराजन यांनी मोजली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत मिळवलेले रौप्यपदक लिंगचाचणीनंतर त्यांच्याकडून काढून घेण्यात आले.

गोरेगावचे एक धावण्याचे प्रशिक्षक

शांतीची झालेली जाहीर शोभा अक्षम्यच होती. तरीही रेषा न आखता महिलांची शर्यत घेता येत नाही, कारण पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या शरीराला स्नायू आणि हाडांचा जो लाभ मिळतो, तो माझ्या मुलींनी कितीही सराव केला तरी भरून निघत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय या, सहसा वाय गुणसूत्रावर असणाऱ्या आणि पुरुषी वाढ सुरू करणाऱ्या जनुकाची चाचणी लागू केली, ती मला योग्य वाटते.

वकील

त्याच नियमावलीत अँड्रोजेनला पूर्णतः दाद न देणाऱ्या खेळाडूंना महिला गटात सूट आहे. जनुक सापडूनही गट बदलत नाही, याचा अर्थ संघटनेलाही एका जनुकावर थांबता आले नाही. खेळापुरती रेषा जरूर आखा. तीच रेषा नवजात बालकावर शस्त्रक्रियेने ओढू नका. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूने आंतरलिंगी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात न बसणारे शरीर घेऊन जन्मलेल्या, बालकांवरील अनावश्यक शस्त्रक्रियांना बंदी घातली, महाराष्ट्रानेही घालावी.

शिक्षिका

त्या बंदीच्या मागणीवर मी आज सही करीन. मात्र सूट दिली जाते ती नियमाला. नियमच नसता, तर त्या खेळाडूला सूट कशातून मिळाली असती, याचे उत्तर आपल्या प्रस्तावात मला सापडत नाही.