आंबा आणि काजू खरंच एका घराण्यातले? (आणि जाऊबाईंची सुजलेली बोटं)

दूर्वा_फोंडा
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या जावेनं आंबा सालीसकट चोखला की तिच्या ओठांच्या कडेला पुरळ येतं. साल काढून फोडी दिल्या तर काही होत नाही. शिगमो झाल्यावर आम्ही सगळ्या ओले काजूगर सोलायला बसलो. बाकीच्यांची बोटं नेहमीसारखी काळी पडली, हिची मात्र सुजली आणि दोन दिवसांत कातडी निघाली. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आंबो आनी काजू सख्खे भाव गो, एकाक पचयना जाल्यार दुसरोय पचयना." पण आंबा आपल्याकडचा आणि काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. दिसायलाही काही साम्य नाही. मग हे भाऊ कसे? कुणाला माहीत असेल तर सांगा.

म्हापशेकर
भाऊ आहेत की नाहीत ठाऊक नाही, पण आग दोघेही लावतात, म्हणजे भाऊबंदकी नक्की आहे. 😄 आमची आजी सोलायला बसण्याआधी हाताला खोबरेल चोपडायची, वर राख. जावेला यंदा नुसती बोंडवं पिळायला बसवा.

कलमवाला_केपे
सासूबाईंना नमस्कार सांगा. सख्खे नाहीत, चुलत आहेत. केप्याला माझी रोपवाटिका आहे आणि आंबा-काजूच्या कलमांवरच घर चालतं, म्हणून जरा लांबण लावतो.

दोघेही आम्रकुलातले. त्याच कुळात बिब्बा येतो, पूर्वी धोबी ज्याच्या रसानं कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे तो. चवथीला ज्याचं रायतं करतो तो अंबाडाही त्यातलाच. श्रीखंडावर चारोळी आणि पिस्ता पेरता ना? तीही याच कुळातली मंडळी.

या घराण्याच्या अंगात चीक फार. काजूच्या टरफलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. आंब्याच्या देठातून उडणाऱ्या चिकात आणि सालीत त्याच जातीची द्रव्यं असतात, प्रमाण कमी इतकंच. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे, तिला हात लागला की अंगावर फोड येतात. तीही याच कुळातली. एकदा का कातडीनं यातल्या एका चिकाशी वैर धरलं, की दुसऱ्यालाही ती ओळखते. जाऊबाईंचं बहुधा तेच झालंय. फोडी चालतात, कारण तो चीक गरात नसून सालीत आणि देठाशी असतो.

आता दिसण्याचं. बोंडूकडे बघून फसायला होतं, कारण बोंडू हे फळच नव्हे, तो फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. तेव्हा आंब्याशी तुलना करायची तर त्या बीची करा, बोंडूची नको. त्याहून सोपं म्हणजे मोहोर बघा. दोघांचेही तुरे फांदीच्या टोकाला, फुलं बारीक, आणि त्यातली बरीचशी नुसती नर. झाड मोहोरानं भरलं तरी फळं मोजकीच का धरतात, असं गिऱ्हाईक दर वर्षी विचारतं. त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं हवेवर आणि किडीवर.

राहिला ब्राझीलचा मुद्दा. हे कूळ माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी जगभर पांगलं. एक शाखा आपल्या बाजूला आंबा झाली, एक दक्षिण अमेरिकेत काजू. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात काजू इथे आणला, तेव्हा बिब्बा आणि आंबा त्याच्या आधीपासून इथे होतेच.

नातं किती जवळचं, हे आम्ही चाकूनं तपासतो. टोमॅटोचं कलम रानवांग्याच्या खुंटावर छान बसतं, कारण दोघे एकाच प्रजातीगटातले. वेंगुर्ला-4 काजूला मात्र खुंट काजूचाच लागतो आणि मानकुरादला आंब्याचाच. घराणं एक असून भागत नाही.

पेडण्याची_सून
मग माझीही एक जोडी घ्या: पपई आणि शेवगा. आमचा मुलगा वनस्पतिशास्त्र शिकतो, त्यानं सांगितलं तर मला खरंच वाटेना.

कलमवाला_केपे
बरोबर सांगितलं त्यानं. पपईला पूर्वी कृष्णकमळाच्या जवळ बसवायचे. डीएनए तपासल्यावर 1998च्या नव्या वर्गीकरणात ती शेवग्याशेजारी गेली, आणि दोघं मोहरी-कोबीच्या गणात. खात्री करायची असेल तर पिकल्या पपईची एक बी चावून बघा. मोहरीसारखी नाकात जाते. शेवग्याच्या मुळाची सालही तशीच तिखट. झाड जखमी झालं की हा तिखटपणा तयार होतो, किड्यांना पळवायला. आपण त्याचीच फोडणी करतो.

म्हापशेकर
म्हणजे पपईच्या भाजीला मोहरीची फोडणी हे घरातल्या घरात लग्न झालं.

दूर्वा_फोंडा
खूप आभार! सासूबाई आज फार खुशीत आहेत. 😄 शेवटचं विचारते: जाऊबाईंना पिस्ता चालेल ना? दिवाळीच्या डब्यात असतो.

कलमवाला_केपे
आधी एक बघा. भाजलेले काजू तिला चालतात का? चालत असतील तर त्रास फक्त टरफलाच्या चिकाचा. पण काजू खाऊन घसा खाजणं, ओठ सुजणं, अंगावर गांध्या येणं असं कधी झालं असेल, तर पिस्त्यालाही हात लावू देऊ नका. ही दोन एकमेकांची फारच जवळची आहेत, आणि एकाचं वावडं असलेल्या पुष्कळांना दुसऱ्याचंही असतं. मी झाडांचा माणूस, तेव्हा हे त्वचेच्या किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. आणि अंगणात बिया भाजत असाल तर तिला वाऱ्याच्या दिशेला बसवू नका, त्या धुरातही तेच तेल असतं.