अंतर तेवढंच, वेळ वेगळी! विमानप्रवासाचे तुमचे चुकलेले हिशेब सांगा

लंडन ते न्यूयॉर्क साधारण साडेपाच हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. सरळ भागाकार केला आणि 'सव्वासहा तासांत पोचतो' असं बहिणीला कळवून टाकलं. तिकिटावर जवळजवळ आठ तास लिहिले होते, ते कोण बघतो! बिचारी दीड तासाहून जास्त ताटकळली. परतीला मात्र पावणेसात तासच लागले. तुमचंही गणित असं फसलंय का? येऊ द्या.

भटकभवानी: वाऱ्याचा खेळ आहे हा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. पूर्वेला जाताना समोरच्या पडद्यावर वेग ११०० दिसला, तेव्हा मला वाटलं, आज भारी विमान मिळालंय. विमान हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललेलं असतं, हवाच त्याला घेऊन पळत असते. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं.

खिडकीवाला: लंडनहून लॉस एंजेलिसला चाललो होतो. डोळा उघडला तर खाली नुसता बर्फ. ग्रीनलंड! वाट चुकली की काय म्हणून हवाईसुंदरीला विचारलंसुद्धा. ती हसली. घरी आल्यावर पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला, तर तो ग्रीनलंडवरूनच गेला. सपाट नकाशावरची सरळ रेघ गोलावर लांबची पडते, हे शाळेत शिकलो होतो म्हणे.

आकडेमोड्या: छोट्या पल्ल्याला तर किलोमीटर बघूच नका. माझ्या तीनशे किलोमीटरच्या प्रवासाला तिकिटावर १ तास १० मिनिटं, हवेत होतो जेमतेम चाळीस. वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंत, त्यात धावपट्टीची रांगही आली. शिवाय कंपन्या थोडी वेळ राखून धरतात. म्हणून वीस मिनिटं उशिरा सुटूनही 'वेळेवर पोचलो' अशी घोषणा होते. मला त्या घोषणेचा भारी राग येतो.

उत्तरायण: हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत गेलो होतो. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमान कंपन्यांना बंद झालं. पुढच्या खेपेला तेरा तास. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत, अंतर सांगणाऱ्या तक्त्यात आकडाही तोच. वळसा त्यात दिसत नाही.

भटकभवानी: उलटं टोक हवं असेल तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किलोमीटर, दोन मिनिटं. पट्टा बांधेपर्यंत सोडायची वेळ.

झोपाळू: माझा घोळ तासांचा नाही, वाराचा. ऑकलंडहून मंगळवारी रात्री आठला निघालो, बारा तास उडालो, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि लॉस एंजेलिसला उतरलो त्याच मंगळवारी, दुपारी. हॉटेलची खोली बुधवारपासून घेतली होती.