दुसऱ्याचा कोड वाचताना डोक्यात काय चालतं?

फोंडेकरीण:
रोज फोंड्याहून बसने पर्वरीला ऑफिसात येते. तीन आठवडे हॉटेल बुकिंगच्या प्रोग्रामचा, जावा या संगणक-भाषेत लिहिलेला जुना कोड वाचतेय. एका फंक्शनचं, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव ‘दर मिळवा’ अशा अर्थाचं, आणि आत ते चक्क डेटाबेसमधला दर बदलतं! हे कळायला मला दोन दिवस लागले. शेजारचे दादा मात्र नुसती नजर टाकून बरोबर ओळ दाखवतात. यावर कोणी संशोधन केलंय का? मला हे मनापासून शिकायचंय.

मडगावचा वाचक:
ताई, दोन दिवस लागले यात तुमचा दोष नाही. १९८४ मध्ये सोलोवे आणि एर्लिक या संशोधकांनी हेच तपासलं. जाणकारांच्या मनात नेहमीच्या रचनांचे साचे असतात, म्हणून ते भराभर वाचतात. पण कोडने रूढ संकेत मोडले, की तेही जवळजवळ नवशिक्यांइतकेच अडखळतात. फसवं नाव म्हणजे असाच मोडलेला संकेत.

डिचोलीकर:
२०१४ मध्ये सीगमुंड या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून कोड वाचायला दिला. मेंदूतले स्मृती, अवधान आणि भाषा यांच्याशी निगडित भाग जागे झाले. २०२० च्या, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या अभ्यासात मात्र भाषेच्या भागापेक्षा अवघड कोडी सोडवताना वापरात येणारं मेंदूतलं जाळं जास्त राबलं. मला दुसरं जास्त पटतं.

फोंडेकरीण:
मनावरचं ओझं उतरलं. उद्या दादांना विचारते, नजर आधी कुठे जाते. आणि त्या फंक्शनचं नाव बदलते.