रोमन सम्राज्ञींची नाणी (प्रतिकृती): यातली थोरली फॉस्टिना कोणती? तातडीने मदत हवी आहे

नाणेवेडा
रोमन सम्राज्ञींच्या चांदीच्या नाण्यांच्या प्रतिकृती जमवतोय. परवा आलेल्या दोन्हींवर फॉस्टिना आहे. थोरली कोणती, धाकटी कोणती? शनिवारी शाळेत मांडायच्यात, चिठ्ठ्या लिहायच्या राहिल्यात. विक्रेता उत्तर देत नाही.

मृण्मयी
फोटो? अक्षरं काय आहेत?

नाणेवेडा
फोटो चढत नाहीये. फॉस्टिना लिहिलंय, सांगितलं ना.

दिनारअण्णा
तेवढ्यानं नाही भागत. मायलेकींचं नाव एकच. आई सम्राट अँटोनिनस पायसची बायको, लेक सम्राट मार्कस ऑरेलियसची. पण प्रतिकृती घेताच कशाला? आई गेल्यावर तिच्या नावानं एवढे दिनार (रोमन चांदीची नाणी) पाडले गेले की झिजलेला अस्सल आजही सहज मिळतो. अस्सलच घ्या.

मृण्मयी
अण्णा, शाळेतली पोरं हाताळणार. प्रतिकृतीच बरी.
नाणेवेडा, केस बघा. आईच्या वेण्या गुंडाळून डोक्यावर अंबाडा, मुलीचा मागे मानेजवळ.

नाणेवेडा
एकीचा वर, अक्षरं 'दिवा फॉस्टिना'. दुसरीचा मागे, 'फॉस्टिना ऑगस्टा'.

मृण्मयी
मग पहिली आई, दुसरी मुलगी. 'ऑगस्टा' हा सम्राज्ञीचा किताब, 'दिवा' म्हणजे लॅटिनमध्ये मृत्यूनंतर देवपद दिलेली. मात्र नुसत्या 'दिवा'वर जाऊ नका, मुलीच्या मृत्यूनंतरच्या नाण्यांवरही तो शब्द येतो. केसांवरूनच ठरवा.

गडकरी७२
काळी पडली असतील तर खायचा सोडा आणि लिंबू. लख्ख होतात.

दिनारअण्णा
सोडा नका लावू कशालाच! वजन किती? कडेला रेघ आहे का?

नाणेवेडा
पाच ग्रॅम. बारीक रेघ आहे, सगळीकडून. पण मी हे विचारलंच नव्हतं.

दिनारअण्णा
विचारायला हवं होतं. अस्सल दिनार सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, ठशानं पाडलेला. कडेची रेघ म्हणजे साच्याचा सांधा, तुमची साच्यात ओतलेली. चिठ्ठीवर 'प्रतिकृती' ठळक लिहा, उद्या तुमच्या पश्चात कुणी अस्सल म्हणून विकायला नको.

मृण्मयी
हे मात्र शंभर टक्के.

कोकणस्थ_पुणे
आपल्याकडे कोइम्बतूर भागात रोमन सम्राट टायबेरियसचे दिनार भरपूर सापडलेत. मागच्या बाजूला बसलेली बाई आहे, ती त्याची आई लिव्हिया असं बरेच जण मानतात. हिची प्रतिकृती ठेवा, पोरांना जवळची वाटेल.

दिनारअण्णा
नाव कुठाय तिचं त्या नाण्यावर? ती शांतीदेवताही असेल.

नाणेवेडा
लिव्हियासाठी वेगळा धागा काढा. सम्राज्ञी ज्युलिया डोम्नाच्या केसांचं कुणी सांगेल का? तिचीही चिठ्ठी बाकी आहे.