मदत हवी आहे: खोल्यांतल्या शाम्पूच्या छोट्या बाटल्या बंद करायच्या आहेत

नागपुरात सीताबर्डीजवळ आमचं 24 खोल्यांचं साधं हॉटेल आहे. गिऱ्हाईक दोन टोकांचं: ताडोबा-पेंचला जाणारे पर्यटक प्लास्टिक नको म्हणतात, तर लग्नाची वऱ्हाडं आणि डिसेंबरच्या अधिवेशनात येणारी मंडळी सीलबंद पुडी मागतात. प्लास्टिक काडीचे इअरबड 1 जुलै 2022 च्या बंदीनंतर बंद केले, त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. अडलंय ते शाम्पू आणि टूथब्रशवर.

सहा खोल्यांत भिंतीवरचे डिस्पेन्सर लावून पाहिले. दोन महिन्यांत तीन पंप अडकले. एकाचं झाकण उघडून कुणीतरी आत पाणी भरलं होतं (पाहुणा की आमचाच पोरगा, देव जाणे). 'आधीच्या माणसाने यात काय टाकलं असेल?' हा प्रश्न तर रोजचाच. बांबूचे ब्रश आणले, पावसाळ्यात स्टोअरमध्ये निम्म्यांना बुरशी. मक्याच्या स्टार्चच्या कंगव्यांचा नमुना आलाय, पण स्टोअर गच्चीवर, पत्र्याखाली. मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतं, आत तर भट्टी. खाली जागा नाही.

मोठ्या साखळी हॉटेलांचे दाखले कृपया नकोत. पाणी बोअरचं, जड आहे. खर्च खोलीमागे रोज 25 रुपयांच्या आत हवा.

कुलूपबंद, आतली सीलबंद पिशवीच बदलायची असे डिस्पेन्सर विदर्भात कुणी वर्षभर वापरलेत का? पंप टिकले का, आणि कंगवे-ब्रश उन्हापावसात कशात ठेवता?