अनुभव धागा : कोकणातील लहान बेटे, पक्षी आणि पायी भटकंती

किनाऱ्यापासून जवळ असूनही माणसांची वर्दळ नसलेल्या बेटांवर ज्यांनी पक्षी पाहत पायी भटकंती केली आहे, त्यांनी आपला अनुभव ऋतू आणि भरती-ओहोटीच्या तपशिलासह लिहावा, ही विनंती.

अलिबागहून : कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. निघण्यापूर्वी वडील तिथी विचारत, कारण तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या खडकांवर चिखल्या, तुतवार आणि समुद्र बगळे दूरदूर विखुरलेले असतात; पाणी चढू लागले की ते उरलेल्या कोरड्या जागेवर दाटीने जमतात आणि नेमके तेव्हाच आपल्याला परतावे लागते. त्यामुळे मी आता बेटावर केवळ तटाच्या कडेने चालते आणि परत आल्यावर पुळणीवर बसून पक्षी पाहते. दुर्बिणीला ती जागा अधिक सोयीची आहे.

मुंबईहून : थळहून होडीने खांदेरीला गेलो. सगळे धातूसारखा नाद देणाऱ्या दगडाकडे धावतात. हिवाळ्यात मात्र पश्चिमेच्या तटाशी थांबावे, तेथे कुरव आणि सुरय या समुद्रपक्ष्यांची ये-जा चालू असते.

हर्णैहून : सुवर्णदुर्गाच्या तटावरून समुद्री गरुड पायांत समुद्रसाप धरून जाताना पाहिला. आमच्याकडे या गरुडाला काकण म्हणतात.

वेंगुर्ल्याहून : आमच्या समोरच्या खडकाळ बेटांची नोंद पक्षी-अभ्यासक ॲलन ह्यूम यांनी 1875 मध्ये केली होती. तेथील गुहांमध्ये भारतीय पाकोळ्या लाळेने उभ्या कातळाला घरटी चिकटवतात आणि त्याच घरट्यांची पूर्वी खाण्यासाठी चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तेथे राखण ठेवून ती रोखण्याचे काम केले, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. मार्चमध्ये गेलो तेव्हा समुद्र शांत होता, उतरणेही शक्य होते आणि गुहेच्या तोंडाशी जाण्याचा मोह मला आवरत नव्हता. तांडेल काकांनी होडी लांबच थांबवली. "बाय, हयसूनच बघ. ती घाबारली तर पिल्लां खाली पडतली." तासभर आम्ही होडीतच बसलो, आणि पाकोळ्या आमच्या डोक्यावरून आत-बाहेर करीत राहिल्या.