ऑनलाइन डीएनपी म्हणजे पैसे भरून घेतलेला कागद का?

निशिगंध:
मी अमेरिकेत फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) आहे, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स, मास्टर्स होऊन सात वर्षं झाली. मागच्या वर्षीपासून नोकरी सांभाळून ऑनलाइन डीएनपी करतेय, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. इथल्या आपल्या मराठी नर्सेसच्या गप्पांत हल्ली एकच ऐकायला मिळतं, की ऑनलाइन डॉक्टरेट म्हणजे पैसे भरून घेतलेला कागद. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

पीएचडीवाली नर्स नवीन संशोधन करते आणि डीएनपीवाली झालेलं संशोधन वॉर्डात, क्लिनिकमध्ये उतरवते, हा मुख्य फरक. माझ्या प्रोग्रामला बीएसएननंतरचे (नर्सिंगच्या बॅचलर पदवीनंतरचे) १००० प्रॅक्टिस तास लागतात. मास्टर्सचे त्यात धरले, उरलेले आता भरतेय, आणि ते काही स्क्रीनसमोर बसून भरत नाहीत. लेक्चर घरी, तास माणसांत.

माझा प्रोजेक्ट डायबेटिसच्या पेशंटच्या पायाच्या तपासणीवर आहे. सुरुवातीला साठ चार्ट काढले तर निम्म्याहून जास्त चार्टवर पायाची नोंदच नाही! सगळ्यांना माहीत होतं की करायला हवी, पण पंधरा मिनिटांच्या व्हिजिटमध्ये पेशंटचे बूटमोजे काढायला कुणाला वेळ नव्हता. मग एवढंच ठरवलं की मेडिकल असिस्टंटने खोलीत बसवतानाच बूटमोजे काढायला सांगायचे आणि मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू) टेबलावर काढून ठेवायचं. तीन महिन्यांनी पुन्हा साठ चार्ट बघितले, पंचेचाळीसवर नोंद होती. त्यात एका आजोबांच्या तळव्याला जखम सापडली, त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. याला कागद म्हणायचं?

करवंद:
निशिगंध, काम छानच केलंस, त्याबद्दल वादच नाही. पण मला सांग, बूटमोजे काढायला सांगायला डॉक्टरेट कशाला हवी? आमच्या क्लिनिकमध्ये असे बदल साध्या क्वालिटी कमिटीत होतात.

मी स्वतः एक वर्ष करून सोडलंय, म्हणून बोलते. एक तर डीएनपी झाल्यावर लायसन्स तेच राहतं. औषधं स्वतंत्रपणे लिहिता येणार की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो, तुमची पदवी नाही. प्रॅक्टिसची पदवी म्हणायची आणि पेशंटसमोर जे काल करत होते तेच उद्या करायचं. २००४ मध्ये नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने, एएसीएनने, ठराव केला होता की २०१५ पर्यंत अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसची, म्हणजे एनपीसारख्या वरच्या कामाची, तयारी डीएनपी लेव्हलला न्यायची. २०१५ होऊन किती वर्षं झाली, अजून मास्टर्सवर एनपी होतातच ना?

आणि प्रीसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारा. माझ्या कॉलेजने सांगितलं की तुमचा तुम्ही शोधा. मी ड्यूटी संपली की गाडीत बसून क्लिनिकांना फोन लावायचे, कुणी म्हणायचं आमच्याकडे आधीच विद्यार्थी आहेत, कुणी फोनच परत करायचं नाही. फी पूर्ण भरायची आणि शिकवणारा माणूस आपणच हुडकायचा, हे मला आजही सहन होत नाही.

ध्रुवतारा:
मी अॅनेस्थेशियात आहे, म्हणजे भूल देण्याचं काम. करवंदताई, तुम्ही म्हणता ते एनपींना लागू आहे, आमच्याकडे चॉइसच उरलेला नाही. १ जानेवारी २०२२ पासून जो कुणी नर्स अॅनेस्थेटिस्टच्या प्रोग्रामला लागतो त्याला डॉक्टरेटच करावी लागते. माझं तेव्हा मास्टर्सवर भागलं, आता ज्युनियर येतात ते सगळे डीएनपी किंवा डीएनएपी (नर्स अॅनेस्थेशियाची डॉक्टरेट).

पण एक फरक करा. जो आधीच प्रॅक्टिस करतोय त्याने वरची पदवी ऑनलाइन केली तर माझी काही हरकत नाही, हात त्याचे तयार आहेत. पण नवीन मुलगा बीएसएनवरून थेट येतो, त्याला एअरवे (पेशंटचा श्वासमार्ग) हाताळायला उभं राहून, कुणीतरी शेजारी असताना, शेकडो वेळा करूनच येतं. तिथे ऑनलाइनचा भाग जितका कमी तितका बरा. या धाग्यावर दोन्ही एकाच पोत्यात भरलेत असं वाटलं.

शेवंती:
मी नर्सिंग शिकवते, पीएचडी आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असेल तर समजून घ्या.

मला काळजी वेगळीच वाटते. २०१० च्या फ्युचर ऑफ नर्सिंग अहवालात म्हटलं होतं की २०२० पर्यंत डॉक्टरेट असलेल्या नर्सेस दुप्पट करा. आकडा गाठला, पण वाढ जवळजवळ सगळी डीएनपीची, पीएचडी होत्या तिथेच राहिल्या. आता झालेलं संशोधन वापरणाऱ्या भरपूर झाल्या, ते करणारं कोण राहणार? निशिगंधच्या हातातलं ते मोनोफिलामेंट कधीतरी कुणीतरी तपासून बघितलं होतं म्हणून ती ते आज वापरतेय ना.

आणि ऑनलाइन क्लासबद्दल स्पष्ट बोलते. आठवड्याला एक पोस्ट टाकायची आणि दोघांना उत्तर द्यायचं, 'छान मुद्दा मांडलास' एवढं लिहून गुण मिळतात. मी अशा पोस्ट वाचल्यात आणि वाचून वाईट वाटलंय. जिथे प्राध्यापक समोर बसून प्रश्न विचारतो, 'हा आकडा कुठून आणलास', तिथेच विद्यार्थी घडतो, मग ते व्हिडिओ कॉलवर का असेना.

निशिगंध:
शेवंतीताई, पोस्टबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे, माझ्याही दोन कोर्समध्ये तसंच झालं आणि त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. पण माझ्या प्रोजेक्टच्या गाइडने मला चार वेळा परत पाठवलं, व्हिडिओ कॉलवरच, कारण मी सुधारणा झाली असं लिहिलं होतं आणि रन चार्टवर (वेळेनुसार बदल दाखवणाऱ्या आलेखावर) तीनच बिंदू होते. ते मला क्वालिटी कमिटीत कुणी शिकवलं नसतं. करवंद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे गं. बूटमोजे काढा म्हणणं सोपंय, त्याने खरंच फरक पडला की त्या महिन्यात आम्ही सगळे जरा जास्त जागरूक होतो, हे ओळखणं मी इथे शिकले.

आणि मला पुढे शिकवायचंय. नर्स फॅकल्टी लोन प्रोग्राममध्ये फुल टाइम शिकवलं तर चार वर्षांत ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज माफ होतं.

करवंद:
तुझ्या कॉलेजला तो प्रोग्राम आहे म्हणून, सगळ्यांकडे नसतो. आता नवीन येणाऱ्यांनी नीट बघा, २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि साध्या ग्रॅज्युएट कोर्सला सरकारी कर्जाची वर्षाला २०,५०० डॉलर्सची मर्यादा, एकूण एक लाख. प्रोफेशनल पदव्यांना मर्यादा जास्त आहे, पण त्या यादीत नर्सिंग न धरण्याचा प्रस्ताव शिक्षण खात्याने मांडला आणि केवढी ओरड झाली. ते वाचून मला इतका राग आला, म्हणजे मी डीएनपीच्या विरोधात असूनही.

पाऊलवाट:
एक भर घालते. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचा प्रोग्राम ऑनलाइन करणार असाल तर आधी तुमच्या राज्यात तो प्रोग्राम चालतो का ते लेखी विचारा, तास जिथे करणार तिथलं लायसन्सही लागतं. माझ्या मैत्रिणीला हे फी भरल्यावर कळलं.

करवंद:
निशिगंध, एकच विचारते आणि थांबते. प्रोजेक्ट संपून सहा महिने झाले की त्या साठ चार्टचं काय होतं ते बघितलंस का? आमच्याकडे विद्यार्थी येतात, पोस्टर लावतात, पदवी घेऊन जातात, आणि क्लिनिक पुन्हा होतं तसंच.

निशिगंध:
बघितलं. मागच्या महिन्यात. पंचेचाळीसवरून एकतीसवर आलं होतं, कारण दोन मेडिकल असिस्टंट नोकरी सोडून गेल्या आणि नवीन मुलींना कुणी सांगितलंच नव्हतं. रडू आलं मला. आता ती पायरी पेशंटला खोलीत घेतानाच्या टेम्प्लेटमध्येच टाकून घेतलीय, ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिसऱ्यांदा चार्ट डिसेंबरमध्ये काढणारे. जे येईल ते, कमी आलं तरी, इथेच लिहीन.